‘प्रकार’च्या रकान्यात काय लिहायचं? : सांगलीतल्या एका सॅक्सोफोनवादकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका एकवीस वर्षांच्या अल्टो सॅक्सोफोनवादकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरचा धंदा बँडचा. लग्नाच्या वराती, गणपतीच्या मिरवणुका, आसपासच्या गावांतल्या जत्रा, असा वर्षाचा फेरा ठरलेला. वडील ट्रंपेट वाजवतात. मुलाच्या हाती बाराव्या वर्षी सॅक्सोफोन आला आणि पहिली चार वर्षं तो वरातीतच शिकला. चालता चालता वाजवायचं, ताशाच्या वर ऐकू जाईल एवढी फुंक मारायची, चाल एकदा कानावर पडली की उचलायची. त्याचा दमसास आणि कान तिथंच तयार झाले, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवावं.

सोळाव्या वर्षी तो मिरजेला किराणा परंपरेतल्या एका बुवांकडे जाऊ लागला. बुवा गायक, त्यांना सॅक्सोफोनची बोटं ठाऊक नाहीत. ते गाऊन दाखवणार, यानं तेच वाजवून दाखवायचं, जमेपर्यंत पुढं सरकायचं नाही. पाच वर्षांत पाचच राग झाले, पण ते नीट झाले.

जॅझ मात्र त्यानं एकट्यानं ऐकून उचललं. मोबाईलवर रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करायचा, चार-चार मात्रांचे तुकडे वहीत सरगम करून लिहायचे, मग पूर्ण वेगात सोबत वाजवायचं. अशा तीन वह्या भरल्या होत्या.

अडचण

शहरातल्या एका संगीत मंडळाच्या तरुण कलाकारांच्या सभेत त्याला ४५ मिनिटं मिळण्याची शक्यता होती. अर्जात ‘प्रकार’ असा रकाना होता आणि त्यात चार पर्याय: शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम, फ्यूजन. खूण एकावरच करायची. त्यानं रकाना कोरा सोडला आणि सोबत अर्धा पान मजकूर जोडला. जॅझ काय, शास्त्रीय काय, ही नावं विकणाऱ्यांनी लावली आहेत, आपण फक्त संगीत वाजवतो, असा त्याचा आशय होता.

अर्ज परत आला. कार्यवाहांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. रकान्यावरून ते चार गोष्टी ठरवत: सभेत कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर बसवायचं, तबलजी कोण बोलवायचे, किती माईक लागतील, आणि पत्रिकेत काय छापायचं. कोऱ्या रकान्यातून यातलं काहीच कळत नव्हतं.

घरी वडिलांना हा वादच पटेना. “वरातीत कोण विचारतंय राग कुठला म्हणून? लोकांचे पाय हलले की झालं. काय बी लिही आणि मोकळा हो.” बुवांनी मात्र अट घातली. “माझं नाव गुरू म्हणून छापणार असशील, तर रागाचं नाव पत्रिकेत दिसलं पाहिजे. पुढं काय वाजवायचं ते तुझं तू बघ.” अर्जाची मुदत संपायला आठ दिवस होते.

त्याची मतं आणि त्यांतलं तथ्य

त्याच्या मजकुरात तीन मतं होती. ती ‘पोराचा हट्ट’ म्हणून बाजूला सारण्यासारखी नव्हती. प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागला.

पहिलं मत: नावं बाहेरून येतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जी ओळखली जाते ती १९१७ची, आणि तिच्यावर बँडच्या नावात या शब्दाचं स्पेलिंगसुद्धा आजच्यासारखं नव्हतं. संगीत आधी होतं, शब्द मागून स्थिरावला. जॅझचे संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांना हा शब्द अपुरा वाटे, ड्रमवादक मॅक्स रोच यांना तो खटकत असे. म्हणजे हे संगीत घडवणाऱ्यांनाच नाव अडचणीचं वाटलं होतं. आपल्याकडचं उदाहरण घरातच होतं. १९५०च्या दशकात सी. रामचंद्रांच्या चालींमध्ये चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाचा वाटा होता. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे गोवेकर वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसत. त्या चाली बँडच्या वह्यांत ‘फिल्मी’ म्हणून उतरल्या आणि सांगलीच्या रस्त्यावर वाजल्या. त्याचे वडील वर्षानुवर्षं स्विंगची, म्हणजे जॅझच्या डोलत्या लयीची, वळणं वाजवत आले आहेत, फक्त त्याला कुणी जॅझ म्हटलं नाही.

दुसरं मत: ‘शास्त्रीय’ हा संगीताचा प्रकार नसून मानाची पाटी आहे. हे अर्धंच खरं. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, त्याच परंपरेतून आलेलं नाट्यपद शुद्ध रागात, तालात, आलाप-तानांसह गायलं तरी त्याला ‘उपशास्त्रीय’ म्हणतात. तो ‘उप’ संगीतापेक्षा बैठकीतली पायरी सांगतो, हे मान्य. पश्चिमेकडेही ‘क्लासिकल’ काटेकोर अर्थानं हेडन-मोझार्टच्या काळापुरतं आहे, व्यवहारात मात्र चारपाचशे वर्षांचं संगीत त्यात कोंबलं जातं. पण म्हणून शब्दात काहीच नाही असं होत नाही. ‘शास्त्रीय’ म्हटल्यावर तबलजींना कळतं की ठेका धरून ठेवायचा आहे, ध्वनिव्यवस्थावाल्याला कळतं की तानपुऱ्याला वेगळा माईक हवा, श्रोत्याला कळतं की पहिली दहा मिनिटं ताल येणार नाही. पाटी चुकीची असली तरी तिच्या आधारावर लोक कामं करत असतात.

तिसरं मत सगळ्यांत आकर्षक होतं आणि तेच सगळ्यांत महागात पडणार होतं: जॅझ आणि राग एकच, कारण दोन्हींत स्वर तेच आणि दोन्ही जागेवर सुचतं. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या रेकॉर्डिंगांत जी डोरियन स्वरावली सापडते, ती आणि आपला काफी थाट यांचे सात स्वर सारखेच आहेत, हे बरोबर. पण स्वर सारखे असले तरी त्यांच्याखालची जमीन वेगळी असते. रागात षड्ज, म्हणजे ‘सा’, हलत नाही. तानपुरा तो पाऊण तास धरून ठेवतो आणि प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो त्या न हलणाऱ्या ‘सा’शी असलेल्या अंतरातून. जॅझमध्ये खालची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलते. तोच ‘सा’ एका बारमध्ये (मात्रांच्या एका गटात) घरी असतो आणि चार बारनंतर पाहुणा होतो. काफी थाटातल्या बागेश्री आणि भीमपलास या रागांना वेगळं करतं ते त्यांचं चलन, म्हणजे स्वर घेण्याची रीत. स्वरांची यादी दोघांची एकच. हे पाच वर्षं तालीम घेतलेल्या मुलाला ठाऊक होतंच. ते त्यानं जॅझलाही लावून पाहिलं नव्हतं, एवढंच.

समोरचे पर्याय

चार मार्ग होते. ‘शास्त्रीय’वर खूण करून ४५ मिनिटं बागेश्री वाजवायचा. हे सोपं होतं, बुवा खूश झाले असते, पण तीन वह्या घरीच राहिल्या असत्या. ‘फ्यूजन’वर खूण करायची. मंडळाच्या अनुभवात फ्यूजन म्हणजे की-बोर्ड, ड्रम आणि वेगवान तीन तुकडे, त्यामुळे आलापाला कुणी बसलंच नसतं. तिसरा, अर्ज मागं घ्यायचा. तो त्याला दोन दिवस फार आवडला होता.

चौथा मार्ग कार्यवाहांनीच सुचवला, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी रकाना बाजूला ठेवून विचारलं, “मला नाव नको. ‘सा’ कुठला, ताल कुठला, साथीला कोण, आणि किती मिनिटं, एवढं लिहून दे.” इथं प्रकरण पहिल्यांदा हललं. जो मुलगा एका शब्दाला अडून बसला होता त्यानं रात्रीत दोन पानं लिहून दिली. ठरलं ते असं: पहिली २५ मिनिटं बागेश्री, आलाप आणि मध्यलय तीनताल. नंतर १५ मिनिटं बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझमध्ये रुळलेला कॉर्डचा ठरीव फेरा. उरलेली पाच मिनिटं मांडामांडीला. अर्जावर खूण कुठंच करायची नाही, सोबत हे पान जोडायचं.

पट्टी ठरवणं

पुढचा निर्णय ‘सा’चा, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला ‘सा’ धरायचा याचा. बुवांची पट्टी काळी १, तालीम त्याच पट्टीत झालेली. अल्टोवर ती अडचणीची. सॅक्सोफोनच्या बोटांच्या दृष्टीनं सोपी पट्टी काळी २, कारण अल्टोसाठी कागदावर लिहिलेला ‘सी’ वाजवला की ऐकू येतो तो काळी २चा सूर. पण तिथं दोन दोष. मधला ‘सा’ वरच्या ‘सी’वर घेतला तर खाली मंद्र सप्तक ‘सा’पर्यंत आणि त्याखाली फक्त कोमल निषाद, बस्स. शिवाय सॅक्सोफोनचा सांधा नेमका ‘सी’ आणि ‘डी’च्या मध्ये आहे. ‘सी’ला एक बोट लागतं, ‘डी’ला सहा बोटं आणि अंगठ्याची सप्तकाची चावी, सगळं एकदम. काळी २ला हा सांधा ‘सा’ आणि ‘रे’च्या मध्ये येतो. ज्या स्वरावर दर आवर्तनात परतायचं तिथंच खटका बसणार.

म्हणून काळी ५ घेतली. आता ‘सा’ लिहिलेल्या ‘जी’वर आला: डाव्या हाताची तीन बोटं, भरदार आवाज. खाली मंद्र कोमल गंधारापर्यंत जाता येतं, वर तार कोमल निषादापर्यंत. सांधा मध्यम आणि पंचमाच्या मध्ये सरकला. बागेश्रीत पंचम दुबळा, त्यामुळे ‘म प’ची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, फारशी लागत नाही. ‘म ध’ मात्र सतत लागतं आणि ते या सांध्यावरूनच जातं. त्यावर उपाय असा काढला की मध्यमावरून धैवतावर सरळ मींड घ्यायचीच नाही. कोमल निषादाचा कण (ओझरता स्पर्श) घेऊन वरून धैवतावर उतरायचं. ‘ग म’ची मींड ओठ सैल सोडून आणि चावी हळू उचलून निघते. त्यासाठी त्यानं तीन नंबरची रीड (मुखनळीवरची वेताची पट्टी) सोडून अडीचची घेतली. वरातीच्या आवाजाला ती पातळ पडते, मींडेला मात्र वाकते.

पट्टी बदलली की बाकीचं सगळं बदलतं. बुवांचा काळी १चा तानपुरा काळी ५ला चढवता येत नाही, तार तुटते नाहीतर खाली उतरवून ढिली बोलते. बायकांच्या पट्टीचा लहान तानपुरा लागतो. मिरजेत तो मिळवणं अवघड नाही, सतारी-तानपुरे घडवणाऱ्यांची गल्लीच तिथं आहे. तिथल्या कारागिरानं दोन दिवस आधी तारा बदलून दिल्या आणि जवारी, म्हणजे घोडीवरून येणारी तारेची गुंजन, काढून दिली. पहिली तार मध्यमात लावली, बागेश्रीला ती शोभते. दाखवायचं म्हणून कारागिरानं घोडीवरचा दोरा जेमतेम केसभर पुढं सरकवला, तेव्हा नुसता ‘टण’ वाजणारा मध्यम भरून, लांब, आतून वळत जाणारा झाला. बोटानं तोच दोरा पुन्हा केसभर मागं नेला, की सूर मेला. त्या मुलानं हे पाच-सहा वेळा करून बघितलं.

तबल्याचं गणितही मध्यमानं सोडवलं. काळी ५चा ‘सा’ बोलणारी पुडी सहसा कुणाकडे नसते. काळी ५चा मध्यम म्हणजे काळी २, आणि त्या पट्टीचा सव्वापाच इंची दायाँ (उजव्या हाताचा तबला) तबलजींकडे होता. तानपुऱ्यात मध्यम, तबल्यात मध्यम, रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, तोही मध्यम.

ब्लूज आणि तीनताल

काळी ५ म्हणजे ‘बी फ्लॅट’. जॅझमध्ये ब्लूज या पट्टीत नेहमी वाजवला जातो, त्यामुळे की-बोर्डवाला आणि बास गिटारवाला दोघंही खूश. इथपर्यंत योगायोगानं सगळं जुळत गेलं, आणि त्यामुळेच पुढच्या भागाची तालीम कमी झाली.

ब्लूजचा एक फेरा बारा बारचा, एका बारात चार मात्रा. म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते पहिल्या, पाचव्या आणि नवव्या बारावर, आणि साध्या ब्लूजमध्ये कॉर्डही तिथंच महत्त्वाची वळणं घेते. पहिल्या बारला षड्जाची कॉर्ड: सा, शुद्ध ग, प, कोमल नि. पाचव्याला मध्यमाची: म, ध, सा, कोमल ग. नवव्याला पंचमाची: प, शुद्ध नि, रे, म.

मधली कॉर्ड पुन्हा वाचावी. म, ध, सा, कोमल ग. हा बागेश्रीचा गाभाच आहे. बागेश्री संपवून ब्लूजमध्ये कुठून शिरायचं हा प्रश्न इथं सुटला: ‘ग म ध’वर थांबायचं, बास गिटारनं खाली मध्यम द्यायचा, आणि फेरा पाचव्या बारापासून सुरू करायचा. या संपूर्ण आखणीतली ही सगळ्यांत सुंदर जागा होती, आणि ती त्या मुलाला स्वतःच्या वहीतून सापडली.

नवव्या बारात मात्र तानपुरा चालू ठेवता येत नाही. पंचमाच्या कॉर्डमधला शुद्ध निषाद चालू षड्जाला घासतो. दोन मिनिटं वाजवून पाहिलं, बुवा उठून ओसरीवर गेले. दुसरी अडचण की-बोर्डची. त्यावरचा शुद्ध गंधार ‘सा’पासून ४०० सेंटवर (लगतच्या दोन स्वरांतलं अंतर १०० सेंट) बसवलेला असतो, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटच्या आसपास. चौदा सेंटचा फरक सुरेल कानाला सहन होत नाही. हा वाद या भागाला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मोजदाद मांडली होती, आणि मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं त्यात साहाय्य होतं. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागेही स्थिर स्वरांची हीच तक्रार होती. निर्णय झाला: ब्लूज सुरू होताना तानपुरा थांबवायचा, आणि बागेश्रीत की-बोर्डला हात लावायचा नाही. बुवांची या निर्णयावर एकही हरकत आली नाही. “दोन घरं आहेत तर दोन दारं ठेव,” एवढंच ते म्हणाले.

लयीचा प्रश्न राहिला. जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत, पहिला साधारण दुप्पट लांब आणि दुसरा आखूड. शिवाय जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तीनतालाचा हात पहिल्या मात्रेवर वजन टाकतो. तबलजींनी दुगुनीचे बोल भरले की स्विंग लगेच सपाट व्हायचा. म्हणून ठरलं की तबल्यानं साधा ठेका धरायचा, डग्गा हलका, भरणा नको. स्विंग ड्रमवाल्याच्या झांजेवर सोडायचा. तबलजींना सोलोसाठी दोन फेरे दिले.

तालमी पाच झाल्या. बागेश्रीच्या तीन, ब्लूजच्या दोन. त्या दोनपैकी एकीला तबलजी नव्हते.

कार्यक्रमात काय झालं

पहिला धक्का पत्रिकेचा. छापणाऱ्यानं मागच्या वर्षीचा साचा वापरला, आणि त्याच्या नावासमोर ‘फ्यूजन’ असं छापून आलं. जोडलेलं पान कार्यवाहांच्या फायलीतच राहिलं होतं. परिणाम लगेच दिसला. वयस्कर रसिकांपैकी बरेच जण त्याच्या आधीचं गाणं संपताच चहाला बाहेर गेले. बागेश्रीचा आलाप अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. त्यातले काही जण आवाज ऐकून परत आले, तोवर जोड, म्हणजे आलापातला लयीचा भाग, सुरू झाली होती.

आलाप उत्तम झाला. माईक घंटेत, म्हणजे सॅक्सोफोनच्या पसरट तोंडात, न घालता हातभर अंतरावर, चाव्यांच्या दिशेनं लावला होता, त्यामुळे मंद्रातली कुजबुजही पोहोचली. पंधराव्या मिनिटाला सॅक्सोफोन चढू लागला. आतली हवा गरम झाली की दर अंशाला सुमारे ३ सेंट सूर वर जातो. सभागृहाचं वातानुकूलन जोरात असल्यानं तानपुराही जागचा हलला होता. त्यानं दोन तानांच्या मध्ये मुखनळी दीड-दोन मिलिमीटर बाहेर ओढली. वरातीत उन्हात चार वर्षं हेच केलेलं असल्यानं हात आपोआप गेला.

मध्यमावरून ब्लूजमध्ये शिरण्याची जागा नेमकी आली. तानपुरा थांबला, बास गिटारनं मध्यम दिला, आणि सभागृहात जी हालचाल झाली ती टाळ्यांपेक्षा जास्त मोलाची होती.

घोटाळा सातव्या फेऱ्यात झाला. तबलजींनी आपल्या सोलोत रंगून तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, घेतली आणि ती समेवर चोख आणली. पण ती सम होती पाचव्या बारची. फेऱ्यात समा तीन असतात, त्यातली कोणती हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण तीनतालात सम एकच आणि तिच्यावर येणं हेच काम. लोकांनी टाळी दिली. त्या टाळीला फेरा संपला असं समजून ड्रमवाला आणि की-बोर्डवाला पहिल्या बारावर गेले. बास गिटारवाला पाचव्यावरच राहिला. दोन फेरे जवळजवळ सगळे एकमेकांपासून चार बार दूर वाजवत होते. समेवर सगळे एकत्र येत असल्यानं श्रोत्यांतल्या निम्म्यांना काही कळलं नाही, पण खालून म आणि सा एकदम वाजत होते.

सावरलं ते बँडच्या सवयीनं. मिरवणुकीत वादक पांगले की मुख्य वाद्य मूळ चाल मोठ्यानं पहिल्यापासून वाजवतं आणि सगळे तिच्यामागं येतात. त्यानं सोलो सोडला, घंटा वर उचलली आणि मूळ चाल पहिल्या बारपासून वाजवली. दोन बारांत चौघं जागेवर आले.

निर्णयाच्या जागा: काय वेगळं करता आलं असतं

पत्रिकेची चूक टाळता आली असती. ‘नाव नको, माहिती द्या’ हे कार्यवाहांपर्यंत ठीक, पण पत्रिकेत दोन-चार शब्दांचीच जागा असते. ते शब्द स्वतः ठरवून दिले नाहीत तर दुसरं कुणीतरी ठरवतं. ‘राग बागेश्री, नंतर ब्लूज, अल्टो सॅक्सोफोन’ एवढी ओळ पुरली असती. बुवांची अटही त्यात बसली असती. नावांचा विरोध करणाऱ्यानं छापील मजकूर तपासायला जाणं त्याला तेव्हा कमीपणाचं वाटलं, हे खरं कारण.

तिहाईची चूक तालमीची होती, आणि तबलजींना दोष देणं अन्यायाचं ठरेल. दर तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटीच तिहाई घ्यायची, एवढं एक वाक्य आधी बोलायला हवं होतं. सोबत एक खूण: बारावा बार सुरू होताना सॅक्सोफोनवादकानं मान वर करायची. ब्लूजच्या निदान तीन तालमी पूर्ण साथीसह व्हायला हव्या होत्या. ‘४८ म्हणजे तीन तीनताल’ हे गणित कागदावर इतकं देखणं जुळलं की ते हातात उतरलंय असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

तानपुरा थांबवण्याचा निर्णय आजही योग्यच वाटतो. पर्याय होता तो नवव्या बारातली पंचमाची कॉर्ड काढून टाकण्याचा, म्हणजे तानपुरा चालू राहिला असता. पण तिथला तो ताण गेला की ब्लूजला परतायला जागाच उरत नाही. बागेश्रीत ओढून-ताणून कॉर्ड घालणं आणि ब्लूजमधून पंचम काढणं, दोन्हींत एकेका संगीताचं नुकसान. इथं त्या मुलाचं तिसरं मत त्यानंच खोडलं.

सध्या

‘फ्यूजन’ हा शब्द त्यानं अजून स्वीकारलेला नाही, आणि नावं बाहेरून येतात हे मतही सोडलेलं नाही. पण आता कुणी प्रकार विचारला की तो पट्टी, ताल आणि वेळ सांगतो. विचारणाऱ्याला तेवढं पुरतं असा अनुभव आहे. मंडळानं अर्जातले चार पर्याय ठेवले आहेत, खाली मात्र ‘स्वर, ताल, साथ, मिनिटे’ अशी ओळ वाढवली.

बुवांनी पुढच्या गुरुपौर्णिमेला त्याला बागेश्रीच वाजवायला सांगितला आहे, तासभर, दुसरं काही नाही. वडिलांनी दुसरंच केलं. तिहाईच्या गोंधळातून सावरलेलं मोबाईलचं रेकॉर्डिंग त्यांनी बँडच्या मुलांना ऐकवलं, आणि ब्लूजची ती चाल आता वरातीच्या वहीत लिहिली गेली आहे, सरगम करून, नवव्या बाराखाली लाल रेघ मारून.